गोकर्णीचा उलटा वेल

१. अंतिम सत्य

मृत्यू हे या जगातलं एकमेव अंतिम सत्य आहे. त्यानंतर माणूस काही करत नाही, काही मागत नाही आणि कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही. अंबादास हेर्लेकरांनी हे विधान सकाळच्या चहाबरोबर, खिडकीबाहेर नजर लावून, अशा सुरात केलं की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत.

"झालं सत्य?" संयोगिताबाई आतून म्हणाल्या. "मग कळंब्याला जा आणि माझा ब्लाउज घेऊन या."

अंबादासांची उभी हयात विमा कंपनीत, दाव्यांची चौकशी करण्यात गेली होती. नदीत वाहून गेलेला माणूस त्यांनी सासुरवाडीत जेवताना पकडला होता. जळून खाक झालेलं मिरचीचं गोदाम पलीकडच्या तालुक्यात शाबूत शोधून काढलं होतं. मेलेल्या माणसावर ते दाखला बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नसत, आणि दाखला बघितल्यावर तर मुळीच नाही. निवृत्तीनंतर मात्र संशय घ्यायला एक दूधवाला तेवढा उरला होता. तो बिचारा दुधात पाणी घालतो हे स्वतःच सांगायचा.

भाचीच्या लग्नासाठी संयोगिताबाईंनी मरून रंगाचा रेशमी ब्लाउज आरी-भरतकामाला टाकला होता. कळंब्याची क्रांती चौगुले तो आज देते, उद्या देते म्हणत होती. आतापर्यंत वीज गेली होती, सुया संपल्या होत्या, कारागीर बाईची नणंद बाळंत झाली होती.

"आज काय कारण?"

"भूत," संयोगिताबाई म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर मेलेली बाई रोज रात्री चित्र काढते म्हणे. बायका घाबरून कामाला येत नाहीत."

अंबादासांनी कप खाली ठेवला. महापूर, आग, चोरी, वीज, उधळलेला बैल, सगळं त्यांनी दाव्यांत वाचलं होतं. भूत पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी कापडी पिशवी उचलली, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या चालण्यात सरकारी जोर आला.

कळंब्यात राहतो म्हटलं की कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तळ्याच्या बाजूला, की जेलच्या आत? हे घर तळ्याच्या बाजूला होतं. भाद्रपद लागला होता, तळं काठोकाठ भरलं होतं आणि त्यावरून धुकं सरपटत येऊन घराच्या पायऱ्यांवर बसत होतं. कुंपणावर निळी गोकर्ण फुलली होती. तळमजल्यावर क्रांतीचं दुकान. आत नव्या कापडाचा, शेंगतेलाचा आणि रॉकेलचा वास. एकच दिवा चालू होता आणि एकटी क्रांती खाली मांडी घालून बसली होती.

"या पावणं, बसा की. हेर्लेकरबाईंचा ब्लाउज न्हवं? ह्यो बघा, त्योच घेतलाय."

तिनं मरून कापडावर सुईनं टोचटोचलेला पातळ कागद पसरला. बाजूच्या वाटीतल्या पांढऱ्या द्रावात बोळा बुडवून कागदावरून फिरवला. कागद उचलला तर रेशमावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी उमटलेली. मग बोलता बोलता तोच कागद तिनं पालथा घातला आणि दुसऱ्या बाहीवर ठेवला.

"म्हणजे अजून सुरुवातच आहे," अंबादास म्हणाले.

"छापा मारला की निम्मं काम झालं, काका."

"आणि ते भूत?"

क्रांतीचा हात थांबला. तिनं वर छताकडं पाहिलं. वर कुणीतरी पाय न उचलता चालत होतं.

"त्या स्नेहलताई हायत," ती हळू आवाजात म्हणाली. "भूत अजून निजलं आसंल."

२. एक दिवस आई, एक दिवस दुसरंच कुणी

भैरवीअक्का पाटणकर जिवंत असताना कापडावर निसर्ग काढत. कमळ, बोर, घाणेरी, तळ्याकाठचं लव्हाळं. पण आधी एक आख्खा हंगाम त्या झाडासमोर बसल्याशिवाय कापडाला हात लावत नसत. त्यांच्या नक्षीतलं प्रत्येक पान कुठंतरी किड्यानं खाल्लेलं असे. गिऱ्हाईक तक्रार करी. "किड्याचा वाटा आहे, तो ठेवायचा," असं म्हणून अक्का गिऱ्हाइकालाच बाहेर काढत. आषाढात त्या दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत.

त्यांची मुलगी स्नेहल पुण्याहून आली होती. तिशीतली, नीटनेटकी, आणि डोळ्यांखाली काजळासारखी काळी वर्तुळं. गळ्यात दोऱ्याला किल्ली. अंबादास विम्यातले हे कळल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही खोटं पकडता ना? मग मला पकडा. मीच झोपेत हे करत असेन तर सांगा."

वरची खोली उघडली. आत एक लांबरुंद, पिवळसर कापड भिंतीपासून हातभर पुढे, आढ्याला टांगलेलं होतं. त्यावर काळ्या रेघांत गोकर्णीचा वेल खालून वर काठ्यांना वळसे घालत चढत होता. फुलं इतकी ताजी की भुंगा फसावा. मध्यावर एक लाल दोरा टाचला होता.

"आई इथवर पोचली होती," स्नेहल म्हणाली. "ह्याच्या वरचं सगळं ती गेल्यानंतर आलंय. रोज सकाळी मी दिवा लावायला येते आणि एक नवा फाटा असतो. कुलूप जसंच्या तसं. परवा मी रात्रभर दाराला पाठ लावून बसले. किल्ली मुठीत होती. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उघडलं तर हा होता."

तिनं एका फाट्याकडं बोट दाखवलं. अंबादास चष्मा पुसून जवळ गेले. खोलीत दमट हवा होती आणि त्या हवेत कसलातरी परिचित वास.

"रॉकेल," स्नेहल म्हणाली. "इथं वर थेंब नाही. पंचगंगेच्या घाटावर त्या दिवशी लाकडं ओली होती. तेव्हा हा वास होता."

अंबादासांना उगाच पाठीमागे बघावंसं वाटलं. त्यांनी बघितलं. मागे दार होतं.

"लहानपणी आईनं मला घेवड्याचा वेल उलगडून उलट्या बाजूनं काठीला गुंडाळायला लावला होता. दोन दिवसांत त्यानं स्वतःला सोडवलं आणि परत आपल्याच बाजूनं वर गेला. आई म्हणाली, वेलाला हट्ट असतो. घेवडा असो, गोकर्ण असो, समोरून बघितलं की तो डावीकडून उजवीकडं चढतो. तिनं आयुष्यात एकही वेल दुसऱ्या बाजूनं काढला नाही. आता हे बघा."

अंबादासांनी बोट न टेकवता वेलाचा माग काढला. लाल दोऱ्यापर्यंत वेल डावीकडून उजवीकडं चढत होता. दोऱ्याच्या वरचा पहिला फाटा तसाच. दुसरा उजवीकडून डावीकडं. तिसरा सरळ. चौथा उलटा.

"भुताचे पाय उलटे असतात ना?" स्नेहल अगदी शांतपणे म्हणाली. तो शांतपणाच भयंकर होता. "एक दिवस आई येते. आणि एक दिवस आईसारखं दुसरंच कुणीतरी."

३. खिडकीतली बाई

स्नेहलनं ठरवून टाकलं होतं. शनिवारी सकाळी ते कापड तळ्यात सोडायचं आणि घर मावसभावाला, अभिरामला, देऊन निघून जायचं. अभिराम त्याच वेळी खरेदीचे कागद आणि एक डॉक्टर घेऊन येणार होता.

"डॉक्टर कशाला?"

"मला तपासायला. मी भानावर नाही असं ठरलं तर माझ्या वतीनं सगळं तोच बघेल म्हणतो." ती किल्लीशी चाळा करत राहिली. "काका, आईचा आत्मा अडकलाय हे खरं असेल, तर मी तिला मोकळं करतेय. मला वेड लागलंय हे खरं असेल, तर मी तिचं शेवटचं काम बुडवतेय. यातलं काय, तेवढं मला शनिवारच्या आत कळायला पाहिजे."

शुक्रवारी दुपारी अंबादास पुन्हा कळंब्याला गेले. संयोगिताबाईंना वाटलं, ब्लाउजसाठी. त्यांनी तो गैरसमज तसाच राहू दिला.

तळ्याच्या काठाला केरबा सुताराची शेड होती. अक्कांच्या नक्षीचे सागवानी ठसे केरबा कोरायचा. साठीचा, काटक, आणि जगावर कायम किंचित रागावलेला. शेडच्या कोपऱ्यात एक रांजण. त्यात गंजके खिळे, तुटका पत्रा आणि एक घोड्याची नाल.

"ह्येच अक्काचं काळं," केरबा म्हणाला. "लोखंड, गूळ आन् पाणी. महिनाभर कुजू द्यायचं. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर ह्यानं रेघ वढली की काळी पडती."

"म्हणजे रोज रात्री जे कुणी काढतं, ते तुमचंच काळं नेतं."

"न्हेत आसंल. भुताला मी काय पावती फाडू?" त्यानं कानतुटका कप पुढं केला. "च्या घ्या."

अंबादासांनी घेतला. कपाला बारीक चीर होती, त्यामुळे निम्मा चहा पोटात आणि निम्मा रुमालात गेला.

"केरबा, तुम्ही ठसा उलटा कोरता ना? म्हणजे उमटताना सुलटा यावा?"

"जल्मभर उलटंच कोरतोय. बायको म्हणती, डोस्कंबी तसंच झालंय." मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पटाशी खाली ठेवली. "साहेब, तुमी मला धरायला आलासा व्हय? आवो, त्या खोलीत मी पाय ठेवत न्हाय. अक्का जाऊन पंधरवडा झाला न्हाई, आन् एकदा हितनंच मी बघितलं..."

"काय?"

केरबानं हनुवटीनं घराकडं दाखवलं.

अंबादासांनी वळून पाहिलं. वरच्या मजल्याची खिडकी उघडी होती. तळ्यावरचं धुकं तिच्यात शिरत होतं. आणि खिडकीच्या आत, पाठीत किंचित वाकलेली, एक गुडघा वर घेतलेली, पिवळसर अंगाची एक बाई तळ्याकडं तोंड करून बसली होती.

वारा आला, तशी ती हलली.

"अक्का अशीच बसायची," केरबा म्हणाला, आणि शेडचं दार आतून लावून घेतलं.

४. रुमाल

धावणं हा अंबादासांच्या प्रकृतीला मानवणारा प्रकार नव्हता. तरी ते धावले. बाहेरच्या जिन्यानं वर पोचले तेव्हा खोलीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. टांगलेलं कापड वाऱ्यानं श्वास घेतल्यासारखं फुगत होतं, बसत होतं. रॉकेलचा वास आता चांगलाच जोरात होता.

ते खिडकीजवळ जाऊन वळले आणि जागच्या जागी थिजले. बाई तिथंच होती.

ती काढलेली नव्हती, उरलेली होती. पानं, फुलं, वळसे चारी बाजूंनी दाटत गेले होते आणि मधे जी कोरी जागा राहिली होती तिला पाठ होती, मान होती, वर घेतलेला गुडघा होता. जवळून नुसतं कापड. लांबून बसलेली बाई.

त्यांनी कापडावर बोट टेकवलं. नवी रेघ दिसत नव्हती, दिसत होते ते सगळे फाटे वाळलेले होते. पण त्या रित्या जागेच्या कडेला बोट ओलं झालं. दमट हवा, त्यांनी स्वतःला बजावलं, आणि बोट रुमालाला पुसलं.

"काय झालं, काका?" खालून क्रांतीचा आवाज आला. "लई पळत वर गेलासा?"

"खोली उघडी कशी?"

"कापडाला वारा द्यायचा आसतोय की दुपारचा. न्हाईतर बुरशी धरती. स्नेहलताईच सांगून गेल्यात."

ते खाली उतरले तेव्हा स्नेहल तळ्यावरून परत येत होती. दुपारी ती घरात थांबतच नव्हती. उघड्या खिडकीत ते कापड हललेलं तिला बघवत नव्हतं. ती वर गेली, खिडक्या लावल्या, कापडाकडं न बघता कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

फाटकात अभिराम भेटला. त्याचा कापडावर मशीननं नक्षी छापायचा कारखाना होता आणि त्याचं हसूही छापील होतं.

"मावशीची डिझाइन्स म्हणजे खजिना आहे," तो म्हणाला. "मी स्कॅन करून कोल्हापूरचं नाव जगभर नेणार. कलावंत गेल्यावर मागणी वाढते, तुम्हाला कल्पना नसेल."

"मला आहे. विम्यातही तसंच असतं. हे जे रोज काढलं जातंय, ते तुम्ही काढत नाही ना?"

"मी?" अभिराम मनापासून हसला. "मला चित्रकलेत काठावर पास केलं होतं. आणि ताई घाबरून घर सोडतेय ते मला आवडतं असं समजू नका. तिची काळजी वाटते म्हणून तर डॉक्टर आणतोय. माझा वर्गमित्रच आहे. तसा त्वचारोगतज्ज्ञ आहे, पण माणूस हुशार."

अंबादास घरी पोचले ते डोकं भणभणून. ब्लाउज नाही हे कळल्यावर संयोगिताबाई काही बोलल्या नाहीत, हे अधिक धोक्याचं होतं. धुण्याचे कपडे काढताना मात्र त्या बोलल्या.

"हा रुमाल कुठं पुसलात? डांबरात?"

"चहा सांडला होता."

"चहा असा असतो?"

संयोगिताबाईंनी रुमाल त्यांच्यासमोर धरला. चहाचा फिकट डाग होता, आणि त्याच्या मधोमध, दुपारी जिथं काहीच रंग नव्हता तिथं, अंबादासांच्या बोटाचा काळाकुट्ट ठसा उमटला होता.

अंबादासांनी रुमाल घेऊन दिव्याखाली धरला. मग त्यांनी बायकोला असा प्रश्न विचारला की तिला क्षणभर डॉक्टरची आठवण झाली.

"तुमच्या ब्लाउजची डावी बाही उजव्या हाताला लावली तर काय होईल हो?"

५. भुताचा एक पाय

शनिवारी सकाळी खोलीत गर्दी झाली. स्नेहल कापडाच्या दोऱ्या सोडायला स्टुलावर चढली होती. अभिराम कागद घेऊन आणि डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन उभे होते. केरबा उंबऱ्याबाहेर होता. आत येईना आणि जाईनाही. क्रांती चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि कुणीच चहा घेत नसल्यामुळे ट्रे तिच्या हातातच राहिला होता.

रित्या जागेच्या कडेला नवा फाटा आला होता. या खेपेला उलटा.

"उतरा खाली," अंबादास म्हणाले. "आधी भूत बघू. भुताचे पाय उलटे असतात हे मान्य. पण दोन्ही उलटे असतात. एक सुलटा आणि एक उलटा असं भूत चालेल कसं? जागच्या जागी गरगर फिरेल."

डॉक्टरांनी हे लिहून घ्यावं की काय असा विचार केला.

"आता दुसरी गोष्ट. लाल दोऱ्याखाली अक्कांचं प्रत्येक पान वेगळं खाल्लेलं आहे. दोन किडे सारखे जेवत नाहीत. दोऱ्याच्या वर बघा. प्रत्येक फाट्यातलं तिसरं पान एकाच जागी, एकाच आकारात खाल्लंय. म्हणजे हा किडा नाही, नक्कल आहे. एकच फाटा पुन्हा पुन्हा उतरवलाय. एकदा सुलटा, एकदा उलटा."

"मी म्हणतच होतो, हा केरबा," अभिराम म्हणाला. "उलटं कोरणं ह्याचाच धंदा."

"म्या?" उंबऱ्यातून डरकाळी आली.

"केरबाचा ठसा एकदा कोरला की कायम एकाच बाजूचा छाप देतो. तो पालथा घालून मारला तर वेल नाही, लाकडाची मूठ उमटेल. तुमचं मशीन, अभिराम, ते तर चुकलं तरी सगळीकडं सारखंच चुकतं. आणि स्नेहलताईंनी झोपेत काढलं असतं तर झोपेतसुद्धा आईचा घेवडा त्यांच्या हातानं उलटा चढवला नसता. एका आड एक पालथी पडेल अशी वस्तू एकच. कागद. सुईनं टोचलेला, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड फासायचा. बाहीचा."

ट्रेमधले कप एकमेकांना लागले.

"जो माणूस आयुष्यभर ब्लाउज करतो, त्याच्या जगात कुठलीच नक्षी एकटी नसते. एका बाहीवर छापा मारला की हात आपोआप कागद पालथा घालतो. डोकं विचारतही नाही. परवा माझ्यासमोर हेच झालं. मी ब्लाउजकडं बघत होतो, हाताकडं बघायला हवं होतं."

"पण कुलूप?" स्नेहल स्टुलावरून उतरली. "मी रात्रभर दाराशी होते, काका."

"तिथंच सगळे फसलो. भुतं रात्रपाळीच करतात असा आपला समज. रात्री इथं कुणीच आलं नाही." अंबादासांनी खिशातून तो रुमाल काढून उलगडला. "काल दुपारी मी कापडाला बोट लावलं. ओलं होतं, रंग नव्हता. चहाच्या डागावर पुसलं, चहाही हिरड्यासारखाच तुरट, आणि संध्याकाळी हे झालं. केरबा, काळं पाणी पातळ केलं तर?"

"तर रेघ लगीच दिसत न्हाय," केरबा नाइलाजानं म्हणाला. "अक्का पातळच करायची. रेघ रातभर पिकू दे म्हणायची."

"दुपारी खिडक्या उघड्या, ताई तळ्यावर, कापडाला वारा. तेव्हा रेघ ओढायची. संध्याकाळी ताई कापडाकडं न बघता कुलूप लावणार. रात्रभर बंद खोलीत रेघ आपली आपण काळी होणार. आणि सकाळी..."

"आणि सकाळी मी दिवा लावायला येणार," स्नेहल म्हणाली. ती क्रांतीकडं वळली.

६. जागा

क्रांतीनं ट्रे जमिनीवर ठेवला. नाकारायचा तिनं प्रयत्नही केला नाही. कंबरेला खोचलेल्या पिशवीतून तिनं घडी घातलेला, तेलकट झालेला कागद काढला. त्यावर सुईच्या भोकांचा गोकर्णीचा एक फाटा होता, तिसरं पान खाल्लेलं.

"अक्का दवाखान्यात जाताना ह्यो मला देऊन गेल्या," ती म्हणाली. "म्हणल्या, माझं हात मधीच ऱ्हायलं तर तू पुरं कर आन् स्नेहलला दे. जागा मी नेमून ठेवल्यात. पयला फाटा काढला त्या दिशी सांगणारच हुते, ताई, आईशपथ. तर सकाळी तुमी रडतच खाली आलासा. म्हणालासा, आईनं पान काढलंय, मी आता घर इकत न्हाय. मग माझं तोंडच उघडंना. खाली आमी डझनभर बायका हाय. घर गेलं तर शिवाजी पेठेतल्या कुठल्या बोळात आमास्नी जागा मिळणार?"

"आणि भुताची गोष्ट गिऱ्हाइकांना कोण सांगत होतं?" अंबादासांनी विचारलं.

"मीच. घर घ्यायला कोण येऊ नये म्हणून. पण माझ्याच बायका पळाल्या."

"मला वेड लागलंय असं मला वाटायला लागलं होतं, क्रांती." स्नेहल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"व्हय. मला दिसत हुतं." क्रांतीनं मान वर केली नाही. "आन् दिसत आसूनबी मी काढत ऱ्हायले. त्याला काय उत्तर न्हाय माझ्याकडं."

डॉक्टरांनी आपल्याला नक्की कुणाला तपासायचं आहे असं अभिरामला खुणेनं विचारलं आणि अभिरामनं खुणेनंच त्यांना गप्प बसवलं.

"आणि मधली ती बाई?" अंबादासांनी विचारलं. "तीसुद्धा तुम्हीच?"

"कुठली बाई?"

क्रांतीला खरोखरच माहीत नव्हतं. ती रोज कापडाला नाक लावून काम करत होती. लांब जाऊन तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अंबादासांनी तिला खांद्याला धरून खिडकीपाशी नेलं आणि वळवलं. क्रांतीचा हात तोंडावर गेला.

"म्या न्हाय काढली," ती पुटपुटली. "अक्कांनी खडूनं ठिपकं दिलतं. जिथं ठिपका तिथं फाटा. मी तेवढंच केलं. हितं मधी ठिपकंच न्हवतं."

"तिथं नव्हते," अंबादास म्हणाले. "सगळीकडं देऊन तेवढी जागा त्यांनी सोडली होती. झाडासमोर बसायची त्यांची जागा असते ना, ती."

स्नेहल एक एक पाऊल मागं गेली. पाठ भिंतीला लागली तेव्हा थांबली. तिथून तिला दिसलं. वाकलेली पाठ, वर घेतलेला गुडघा, हंगामभर हलणार नाही अशी बैठक. चारी बाजूंनी गोकर्ण चढत होती, निम्मी बरोबर, निम्मी चूक, आणि मधे आई कुठल्याही रेघेशिवाय बसून होती. स्नेहल खूप वेळानं रडली, आणि महिनाभरात पहिल्यांदा ते रडणं साधं होतं.

"अभिराम," ती डोळे पुसत म्हणाली, "कागद परत घेऊन जा. डॉक्टरांना चहा दे, आणि माझ्या मानेवर पुरळ आलंय तेवढं जाताना बघायला सांग."

डॉक्टरांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच उजळला.

गुडघ्याजवळ एक ठिपका अजून रिकामा होता. स्नेहलनं क्रांतीच्या हातातून कागद घेतला, कापडाला लावून बघितला, मग बाजूला ठेवला.

"हा मी हातानं काढणार. तू काळं पातळ करून दे." मग, तिच्याकडं न बघता, "दुकान खालीच राहू दे. पण वरती तू मला विचारल्याशिवाय येणार नाहीस."

"व्हय, ताई. आन् उलटं फाटं मी धुऊन काढू का? लिंबानं निघतात."

स्नेहलनं एका उलट्या फाट्यावरून बोट फिरवलं. "नको," ती म्हणाली. "असू देत. किड्याचा वाटा."

केरबानं तेव्हा कुठं उंबरा ओलांडला. आत येऊन त्यानं त्या रित्या जागेला नमस्कार केला, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून सगळ्यांकडं रागानं पाहिलं.

अंबादास जिना उतरले. मृत्यूनंतर माणूस काही करत नाही, हे त्यांचं मत आता पूर्वीइतकं ठाम राहिलं नव्हतं. किमान, जाण्याआधी ठिपके देऊन ठेवले तर बरंच काही करता येतं. या विचारात तळ्याकडं बघत ते उभे असताना क्रांती मागून खाली आली. दुकानात मरून रेशमाचा ब्लाउज अजून एका बाहीचाच होता.

"काका, तुमचं उपकार मानू का तुमास्नी शिव्या देऊ, कळंना झालंय," ती म्हणाली. "रोज दुपार वर जायची, त्यात तुमचं काम ऱ्हायलं बघा. सांगा, काय करू मी तुमच्यासाठी? काय बी सांगा."

अंबादासांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि घसा साफ केला.

"ब्लाउज सवडीनं द्या," ते म्हणाले. "फक्त तो आजही झालेला नाही, हे आमच्या घरी तेवढं तुम्ही फोन करून सांगाल का?"